त्रेसष्ट नंबरची जागा

महापालिकेला वर्षातून एकदा जुन्या इमारतींचा उमाळा येतो. एरवी ज्या भिंतींवर नोटिसा डकवायच्या आणि ज्या कमानींखाली मोडक्या खुर्च्या रचून ठेवायच्या, त्यांच्यावर त्या आठवड्यात दिवे सोडतात, माहितीचे फलक लावतात, शाळांच्या सहली आणतात. याला वारसा सप्ताह म्हणतात. सप्ताह संपला की खुर्च्या पुन्हा जागच्या जागी.

त्या वर्षीचा मान जुन्या जलगृहाचा होता. शहराला पहिलं नळाचं पाणी मिळालं ते इथून. पंप थांबून चाळीस वर्षं झाली, तरी आत पाऊल टाकलं की ओल्या लोखंडाचा वास नाकात भरतो. समोर अकरा रुंद दगडी पायऱ्या आणि वर दोन पुरुष उंचीचं दार. उद्घाटनाच्या दिवशी याच पायऱ्यांवर एकशे बारा माणसं उभी करून फोटो काढला होता. साहेबांच्या डोक्यात आलं, की सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी तसाच फोटो पुन्हा काढायचा. जागा त्याच, कॅमेरा तसाच, माणसं मात्र आजची. कल्पना साहेबांची, म्हणजे काम बाईंचं.

बाई म्हणजे इमारत विभागातल्या आरेखक. सव्वीस वर्षं त्यांनी शहराचे जिने, मोऱ्या आणि गच्च्या कागदावर उतरवल्या होत्या. दहा महिन्यांपूर्वी त्यांचा नवरा गेला. चहाचं आधण ठेवून पेपर आणायला खाली उतरला, तो परत वर आला नाही. बाई रडल्या नाहीत. पंधराव्या दिवशी कामावर हजर. लोक आधी म्हणाले, काय धीराची बाई आहे. महिन्याभराने म्हणायला लागले, दगड आहे दगड. बाईंना दोन्ही सारखंच होतं. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतात, मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं.

घरी एक मुलगी होती, बावीस वर्षांची. दहा महिने तिने दोघींपुरतं रडून घेतलं, दोघींपुरतं बोलून घेतलं आणि शेवटी तिचाही जीव मेटाकुटीला आला. फोटोच्या आदल्या दिवशी तिने बॅग भरली.

"मावशीकडे जाते. तिकडेच नोकरी बघेन. उद्या रात्रीची गाडी आहे," ती म्हणाली. "जाऊ ना?"

बाई ताटं पुसत होत्या. "जा."

मुलगी दारातच उभी राहिली. "एवढंच?"

"जपून जा."

इथे वेगळं काहीतरी बोलायला हवं, हे बाईंना समजत होतं. एक "नको जाऊस" पुरला असता. ती गेली की या घरात आपण आणि भिंती, हेही त्यांना लख्ख दिसत होतं. पण ते आतून वाटत नव्हतं, आणि न वाटता बोलणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांनी पुढचं ताट उचललं.

आता फोटोचं. बाईंनी जुन्या फोटोची मोठी प्रत करून घेतली, तिच्यावर ट्रेसिंग पेपर टाकला आणि एकेका माणसाची बाह्यरेषा पेन्सिलीने काढली. प्रत्येक रेषेला एक नंबर. मग तेच नंबर खडूने पायऱ्यांवर आणि तेच हौशी नागरिकांच्या यादीत. आरेखकाचा एक कायदा असतो: दिसतं ते काढायचं, स्वतःच्या अकलेने काही गाळायचं नाही. त्या कायद्याप्रमाणे सर्वांत वरच्या पायरीवर, दाराला लागून, धुरकट असं जे काही होतं त्याचीही रेषा निघाली. त्याला नंबर मिळाला त्रेसष्ट.

ते फोटोवाल्या काकांनी शेवटच्या दिवशी सकाळी पाहिलं. काका सत्तरीचे. असले, फिल्मऐवजी काचेवरचे फोटो काढणारे शहरात एकटेच उरले होते, आणि हे ते भेटेल त्याला सांगत.

"बाई, हा त्रेसष्ट नंबर काय घातलात?"

"पाय दिसतायत की."

"पाय आहेत, बरोबर. पण अहो, त्या काळी पंधरा पंधरा सेकंद ताटकळत उभं राहायला लागायचं. मध्येच कुणी हललं की काचेवर धूर उमटतो. हे कुणीतरी निम्मा वेळ उभं राहिलंय आणि निघून गेलंय."

"कुठे?"

काकांनी बोट ठेवलं. "मागे दारच आहे. आतच गेलं असणार, दुसरीकडे कुठे जाणार! या जागेवर कुणाला उभं करू नका. काचेवरच्या भुताला नंबर देणाऱ्या तुम्ही पहिल्याच." असं म्हणून ते स्वतःच हसले.

पण यादी छापून झाली होती, साहेबांनी भाषणात एकशे बाराचा आकडा चार वेळा घेतला होता, आणि महापालिकेत एकदा छापलेला आकडा ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. त्यातून त्रेसष्टव्या जागेचा माणूस, करवसुलीतला कारकून, दाढ दुखते म्हणून आलाच नाही. त्याच वेळी मुलगी आईचा घरी राहिलेला चष्मा द्यायला आली.

"उभी राहतेस?" बाईंनी विचारलं. "एक माणूस कमी पडतोय."

मुलीने आईकडे बराच वेळ पाहिलं. "तुला माझं काहीतरी काम आहे, हेच पुष्कळ झालं," ती म्हणाली आणि वर जाऊन खडूच्या आकड्यावर उभी राहिली.

आभाळ भरलेलं होतं. काकांनी आपल्या अंधाऱ्या तंबूतून रसायन लावलेली ओली काच आणून कॅमेऱ्यात सरकवली आणि ओरडले, "पंधरापर्यंत मोजणार! पापणी हलली तरी चालेल, मान हलता कामा नये!" एकशे बारा माणसं श्वास धरून उभी राहिली. भिंगाचं झाकण निघालं. रस्त्यावरचा आवाजही थांबल्यासारखा झाला. फक्त काका मोजत होते.

सात म्हणाले तेव्हा मुलीने मान वळवली. आतून कुणी हाक मारल्यावर वळवावी, तशी. आठला ती पूर्ण फिरली. तिची वेणी, पाठ, निळ्या ओढणीचं टोक कॅमेऱ्याजवळ उभ्या असलेल्या बाईंना स्पष्ट दिसलं. नवाला ती दारातून आत गेली.

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली असती तर एकशे अकरा माना फिरल्या असत्या आणि फोटो वाया गेला असता. त्यांनी सहा आकडे तसेच जाऊ दिले.

"पंधरा! सुटलात!"

माणसं हसली, पाय झाडले, पायऱ्या उतरू लागली. मुलगी वरच्या पायरीवर उभी होती, आपल्या आकड्यावरच.

"कधी आलीस परत?" बाईंनी विचारलं.

"कुठून?"

"तू आत गेली होतीस ना?"

मुलगी छान हसली. "मी कुठेच गेले नव्हते."

काच धुऊन काका बाहेर आले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. एकशे अकरा माणसं बटणांसकट उमटली होती. त्रेसष्टव्या जागी धूर होता आणि धुरातून दाराची चौकट दिसत होती.

"पोरगी हलली वाटतं," काका म्हणाले.

"हो. आत गेली."

"मग परत कधी आली? मी कॅमेऱ्याशीच होतो की..." काच बाईंच्या हातात देऊन त्यांनी तंबू आवरायला घेतला. चहालाही थांबले नाहीत.

दुपारी गर्दी ओसरली. ट्रेसिंगची गुंडाळी करण्याआधी बाईंनी सवयीने ती फलकावर लावलेल्या जुन्या फोटोच्या त्याच मोठ्या प्रतीवर लावून पाहिली. डोक्याला डोकी जुळली, खांद्याला खांदे. त्रेसष्टला मात्र त्यांच्या पेन्सिलीच्या दोन पावलांखाली काहीच नव्हतं. त्यांनी कागद उचलला, चष्मा पुसला, पुन्हा ठेवला. धूर नव्हता. नुसता पायरीचा दगड होता. बाईंनी सव्वीस वर्षांत नसलेली रेषा कधी काढली नव्हती, त्यामुळे आपलं चुकलं असेल हा विचार त्यांनी केला नाही. भीती वाटायला हवी, एवढं त्यांना कळलं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. ती आली नाही.

मुलगी दिवसभर पायरीवर बसून होती. बाईंनी डबा पुढे केला, तर नको म्हणाली. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांकडे ती फार कौतुकाने बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून इमारत दोन वर्षं दुरुस्तीला बंद राहायची होती. सकाळी गवंडी येऊन आधी खालच्या खिडक्या विटांनी बुजवणार होते. संध्याकाळी सहाला वॉचमन कुलूप आणि फॉर्म घेऊन आला.

"बाई, आत एक चक्कर टाका आणि सही करा. कोणी आत नाही, असं लिहून द्यायला लागतं. माझे गुडघे जिना मानत नाहीत."

"येतेस?" बाईंनी मुलीला विचारलं.

"मी नाही आत येत," मुलगी चटकन म्हणाली आणि उंबऱ्यापासून दोन पावलं मागे सरली.

आत बॅटरीच्या उजेडात पंप ओळीने उभे होते. बाई त्यांच्यामधून चालत गेल्या. मागच्या भिंतीशी कोरड्या हौदात उतरणारा अरुंद जिना होता, चौतीस पायऱ्यांचा. तिथे पोचल्या आणि खालून आवाज आला.

"आई..."

बाई थांबल्या.

"आई, मला वर यायची वाट सापडत नाहीये... किती वेळ ओरडतेय मी..."

आवाज तोच. बॅटरी खाली धरली, तर उजेड दहा पायऱ्यांवर संपला.

"तू कोण?" बाईंनी विचारलं.

"असं काय करतेस... मी आहे गं."

"काल रात्री आपण काय बोललो?"

खालून मग हुंदका ऐकू आला. "मी जाऊ का विचारलं... तू जा म्हणालीस. ताट पुसत होतीस."

हे तिसऱ्या कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. बाईंना कळलं. गणित सुटावं तसं स्वच्छ कळलं, की आपली मुलगी खाली आहे. आता धावायला हवं, हेही कळलं. त्यांनी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं. खाली अंधारात ती रडत होती, आणि बाई तिथे उभ्या राहून स्वतःच्या आत चाचपत होत्या. पोटात खड्डा पडला नाही. घशात काही आलं नाही. वर आणलं तरी ती रात्रीच्या गाडीने जाणार, एवढं एकच त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात बाहेरून, दाराशी उभं राहून, कुणी अगदी हळू बोललं. एवढ्या मोठ्या दालनात तो आवाज कानाशी बोलावा तसा ऐकू आला.

"आई, चल ना घरी. मी कुठेही जाणार नाही. कधीच."

बाई वळल्या. पंपांमधून चालत दारापर्यंत आल्या. मागे आवाज मोठा होत गेला, आधी आई आई म्हणत होता, नंतर त्यात शब्द उरले नाहीत. दारातल्या मुलीने हात पुढे केला. बाईंनी तो धरला. हात ऊन होता. आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा बाईंच्या छातीत काहीतरी सुटलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, नाक भरून आलं. माया दाटून आली, इतकी की उभं राहवेना. त्यांनी मुलीला कवटाळलं. तिच्या ओढणीला ओल्या लोखंडाचा वास होता.

"आत कोणी नाही ना?" वॉचमनने विचारलं. त्याला कमी ऐकू येई.

बाईंनी खालच्या ओठावर दात रोवले. डोळे पुसले, फॉर्म भिंतीला टेकवला आणि सही केली. कुलूप लागलं.

दोघी पायऱ्या उतरून रस्त्याला लागल्या. मुलीने हात सोडला नव्हता आणि बाईंना तो सुटायला नकोच होता. कोपऱ्यावर, जिथून ती लहानपणापासून रोज शाळेला गेली, तिथे आल्यावर मुलगी थांबली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"आई," ती लाजून म्हणाली, "आपलं घर कुठल्या बाजूला गं?"

बाईंचे डोळे अजून वाहत होते. त्यांनी मुलीचा हात आणखी घट्ट धरला.

"डावीकडे, बाळा," त्या म्हणाल्या. "चल, मी दाखवते."