शेजारच्या सीटवरचं वजन

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

मी गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. सत्तावीस वर्षं वायरी चाचपतोय. भुताखेतांचं बोलणाऱ्यांची मी आजवर चेष्टाच केली. आता करत नाही. तेवढी ताकदही उरलेली नाही.

ही घटना रात्रीची नाही. रविवारची दुपार, पावणेतीनची वेळ. गॅरेजला सुट्टी, शटर अर्धं खाली ओढलेलं. आत मी आणि माझी धाकटी बहीण.

आम्ही तिला अजून छोटीच म्हणतो, वय बेचाळीस झालं तरी.

तिच्या गाडीची बॅटरी रोज सकाळी डाउन असायची. आठ महिन्यांत दोन नव्या बॅटऱ्या टाकून झाल्या. चार्जिंग व्यवस्थित. तरीही रात्री लावलेली गाडी सकाळी हूं की चूं करायची नाही. तिचं ऑफिस तीस किलोमीटर लांब. तीनदा उशीर झाला, तेव्हा साहेबांनी लेखी समज दिली. पुढच्या खेपेला सरळ घरी.

मग बाईसाहेब रात्री दोनला आणि चारला गजर लावून खाली उतरायच्या. गाडी दहा मिनिटं चालू ठेवायची, पुन्हा वर यायचं. महिनोन् महिने हेच.

त्या दुपारी मी तिला नीट बघितलं. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. गाडीचं राहू दे, हीच कधीतरी स्टिअरिंगवर डोळा लागून जाईल, असं वाटलं.

"दादा, आज काय ते शोधच," ती म्हणाली. "मला फक्त एक रात्र सलग झोपायचंय."

या कामाची एक पद्धत असते. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि मध्ये करंट मोजायचा मीटर जोडायचा. दरवाजा उघडाच ठेवायचा, पण त्याच्या कुलपाचा खटका स्क्रू ड्रायव्हरने दाबायचा, म्हणजे गाडीला वाटतं की दार लागलं. मग गाडी लॉक करायची आणि अर्धा तास गप्प बसायचं. हात लावायचा नाही. तेवढ्यात गाडी झोपते. आकडा जवळजवळ शून्यावर येतो.

आम्ही स्टुलावर बसून राहिलो. माझे गुडघे ठणकत होते. छोटी भिंतीला डोकं टेकून पेंगत होती.

अर्धा तास झाला... पाऊण तास झाला...

मीटरवर अडीच अँपिअर.

गाडी झोपलीच नव्हती.

मी एकेक फ्यूज काढायला लागलो. काढायचा, मीटर बघायचा, परत लावायचा. रेडिओचा काढला, फरक नाही. आतल्या दिव्यांचा काढला, फरक नाही. सतरावा फ्यूज काढला आणि आकडा धाडकन खाली आला.

तो सीटचा होता. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटमध्ये एक पातळ पट्टी असते. कोणी बसलं की वजन कळतं आणि बेल्ट लावा म्हणून गाडी ओरडते. मी फ्यूज परत लावला आणि गाडीला स्कॅनर जोडून बघितलं.

स्क्रीनवर लिहून आलं...

प्रवासी बसलेला आहे.

सीट रिकामी होती. मी हात फिरवून बघितला. गादी मधोमध दबलेली आणि गार. पट्टी बिघडली असेल, असं होतं कधीकधी. मी स्कॅनर काढला, सीटखाली हात घातला आणि पट्टीचा कनेक्टरच उपटून टाकला. विषय संपला.

पुन्हा अर्धा तास थांबलो. मीटर बघितला...

अडीच.

पट्टीची तार माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होती. जोडणी कुठेच नव्हती.

"कोणती सीट?" छोटीने मागून विचारलं. कधी उठली कळलंच नाही.

मी सांगितलं.

तिचे मिस्टर शाळेत शिकवायचे. आम्ही सगळे त्यांना मास्तरच म्हणायचो. त्यांना गाडी चालवता यायची नाही. ही चालवायची, ते शेजारी. आणि माणूस असा आज्ञाधारक, की विचारू नका. एकदा ही दुकानात गेली, तिथे मैत्रीण भेटली, दोन तास गप्पा झाल्या. परत आली तर मास्तर घामाने निथळत बसलेले, बेल्टसुद्धा न सोडता. 'तू थांब म्हणाली होतीस ना?' यावरून आम्ही त्यांना किती छळलं असेल!

आठ महिन्यांपूर्वी ते याच सीटवर गेले. छातीत दुखायला लागलं, हिने गाडीत घातलं आणि हॉस्पिटल गाठलं. पण...

"दादा, दाराशी गाडी लावून मी स्ट्रेचर आणायला पळाले," छोटी म्हणाली. "जाताना त्यांना म्हणाले, अहो, बसून राहा, मी आलेच. आले तेव्हा सगळं संपलं होतं. मग त्या लोकांनीच उचलून नेलं. मी त्यांना परत काही बोललेच नाही रे."

मी मीटरकडे बघितलं. अडीचच.

ती शेजारच्या सीटच्या उघड्या दाराशी गेली. रोज घरी पोचल्यावर पेंगणाऱ्या नवऱ्याला उठवताना म्हणायची, तसंच म्हणाली, अगदी हळू...

"अहो, चला. आलं घर."

आधी काहीच झालं नाही.

मग आतून खट्ट असा आवाज आला. बेल्ट सोडल्यावर येतो तो. बेल्ट तर जागेवर लोंबत होता.

गादी करकरली... आणि सावकाश वर आली.

गाडी त्या बाजूला किंचित उचलली गेली. एखादा भरल्या अंगाचा माणूस उतरल्यावर उचलली जाते, तेवढीच.

मीटरवर आकडा घसरला. एक... अर्धा... शून्य पूर्णांक शून्य तीन.

गाडी झोपली.

छोटी तिथेच फरशीवर बसून हमसून हमसून रडली. मीही रडलो, खोटं कशाला बोलू. मास्तर मला सख्ख्या भावासारखे होते.

त्या रात्री ती अकरा तास झोपली. त्यानंतर गाडी एकदाही बंद पडली नाही. नोकरी टिकली, गालांवर मांस चढलं. परवा फोनवर चक्क हसली.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

त्या रविवारनंतर दोनच दिवसांनी माझ्याकडे एक डिलिव्हरी व्हॅन आली. काम हॉर्नचं होतं. सकाळी बघतो तर बॅटरी डाउन. नंतर एका डॉक्टरांची गाडी, मग एका टॅक्सीवाल्याची. गॅरेजमध्ये मुक्कामाला राहिलेली प्रत्येक गाडी सकाळी मेलेली. आणि प्रत्येकीत शेजारच्या सीटची गादी मधोमध दबलेली... गार.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आलं घर, असं छोटी म्हणाली होती. पण गाडी तिच्या घरी नव्हती. माझ्या गॅरेजमध्ये उभी होती.

तिच्या शब्दावर मास्तर इथे उतरले. आणि इथेच राहिले, तिची वाट बघत.

मी हात जोडून सांगून बघितलं. मास्तर, ती सुखात आहे, तुम्हीही जा आता. ते माझं ऐकत नाहीत. त्यांनी आयुष्यभर एकीचंच ऐकलं.

छोटीला सांगितलं तर ती लगेच येईल, आणि त्यांना घरी घेऊन जाईल. मी ओळखतो तिला. मग पुन्हा दोनचा गजर, पुन्हा चारचा. ते माझ्याने बघवणार नाही. म्हणून रोज संध्याकाळी मी एकूण एक गाडीची तार काढून ठेवतो आणि सकाळी परत लावतो. कंबरेचा काटा ढिला झालाय.

काल दुपारी तिचा फोन आला. माझे हात ग्रीसने बरबटलेले, म्हणून स्पीकर लावला.

"दादा, थकलेला वाटतोस रे."

"काम जास्त आहे गं."

"रविवारी येऊ का? ऑइल बदलायचंय. तुझी भेटही होईल."

समोर एक जुनी गाडी उभी होती. तिची बॅटरी मी सकाळीच काढून बाकावर ठेवली होती, साध्या तारेचासुद्धा संबंध नव्हता. तरीही छोटीचा आवाज घुमला, आणि त्या गाडीत, शेजारच्या सीटच्या वरचा छतातला दिवा...

हळूहळू पेटला.

"नको," मी म्हणालो. "तिकडेच कोणाकडून तरी करून घे. इकडे येऊ नकोस."

ती थोडी दुखावली. बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

दिवा मात्र अजून चालूच आहे.