पुसू का?

आनंदीबाई थोरवे खुर्चीत टेकायला तयार नव्हत्या. खासगी तपास करणाऱ्या सुप्रिया घारेच्या कर्जतमधल्या छोट्या ऑफिसात त्या खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होत्या आणि त्यांच्याबरोबर जितेशची मान फिरत होती. हा सुप्रियाचा आतेभाऊ. गाडी चालवायची आणि ताईच्या तर्काला मान डोलवायची, एवढंच त्याच्याकडे काम होतं.

"साजगावला आमचा साच्यांचा कारखाना हाय," बाई म्हणाल्या. "सगळ्या साच्यांची ड्रॉइंगं काल दुपारी पुसली गेली. पुतन्या म्हनतो, रोहिणीनंच केलं. आज संध्याकाळी पोलिसांत चाललाय. पोर तशी नाय गं."

रोहिणी कंपनीचा सर्व्हर सांभाळत होती. मूळची पुण्याची, राहायला शेलूला. सोमवारी ती पुण्यात नव्या नोकरीवर रुजू होणार होती. पोलिसांत नाव गेलं तर ती नोकरी हातची गेलीच, हे जितेशलाही कळलं.

कारखान्याच्या दारात पुतण्या निलेश गाडी चालू ठेवूनच उभा होता. यात शोधण्यासारखं काही नाही, असं त्याने अगदी शुद्ध भाषेत बजावलं आणि त्यांना रोहिणीच्या टेबलाशी नेलं. कालपासून त्या कॉम्प्युटरला कुणी हात लावला नव्हता.

रोहिणीने तिथे स्वतः लिहिलेली एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, ठेवली होती. कुणी नोकरी सोडली की ती चालवायची आणि त्याचं नाव द्यायचं. मग त्या माणसाचं खातं आणि त्यातल्या सगळ्या फायली साफ. पुसण्याआधी ती एकदाच विचारायची.

स्क्रीनवर ड्रॉइंग करणाऱ्या संतोषचं नाव होतं; साच्यांची सगळी ड्रॉइंगं त्याच्याच खात्यात असायची. खाली प्रश्न: पुसू का? पुढे उत्तर म्हणून तीन रोमन अक्षरं, एन, ए, वाय. आणि शेवटी: पुसलं.

"हे काय उत्तर?" सुप्रियाने विचारलं.

"काही कळत नाही," निलेश घड्याळ बघत म्हणाला. "घाईत काहीतरी बडवलंय तिने."

जितेशलाही ते पटलं. घाईत माणूस काहीही बडवतो.

रोहिणीच्या हातातला रुमाल पिळून दोरी झाला होता. पार्सल आलंय म्हणून निलेशसरांनी गेटवर धाडलं, तिथे पार्सल काही नव्हतं, आणि कॉम्प्युटर मात्र आपण उघडाच सोडला, असं तिने सांगितलं. त्या उत्तरावर स्क्रिप्ट थांबली कशी नाही, हे विचारल्यावर ती ओशाळली.

"रोमनमध्ये पूर्ण 'नाही' लिहिलं तरच ती थांबते. बाकी काहीही आलं की पुढे जाते. चालवणारी मी एकटीच, म्हणून फार विचार केला नाही."

डोंबिवलीहून येणारा संतोष चिडलेलाच होता. फायली पुसल्या गेल्या त्या वेळी तो प्रेस मशीनवर चार कामगारांत उभा होता. बॅकअपची डिस्क भरली होती, म्हणून ड्रॉइंगांची दुसरी प्रत नव्हती; रोहिणी नवी डिस्क मागत होती, निलेश आज-उद्या करत होता. "वर म्हणतो, रोहिणीच्या जागी माणूस कशाला, ते स्क्रिप्टचं मीच बघेन."

बाहेर निलेशने हॉर्न वाजवला. जितेशला आत उभं राहवेना. तेवढ्यात आईचा मेसेज आला, जेवलास का? त्याने उत्तर टाइप केलं. खांद्यावरून डोकावणाऱ्या सुप्रियाने त्याचा हात तिथेच धरला.

"सगळ्यांना बोलव. आणि हा फोन मला दे."

सगळे टेबलाभोवती जमले. सुप्रियाने फोन पुढे धरला. जितेशने आईसाठी तीच तीन अक्षरं टाइप केली होती: एन, ए, वाय.

"नाय," आनंदीबाईंनी वाचलं.

"म्हणजे काल इथे बसलेल्या माणसाला पुसायचंच नव्हतं. त्याने नको म्हटलं, पण स्क्रिप्टला 'नाय' कळत नव्हतं. ती लिहिणाऱ्या रोहिणीने असं उत्तर दिलं नसतं. संतोष मशीनवर होता. रोहिणीला खोट्या पार्सलसाठी बाहेर काढलं ते निलेशने. तिच्यामागे तिचं काम आपल्याला जमतंय का, ते गुपचूप बघायचं होतं. संतोषचं नाव नुसतं करून बघायला दिलं, मग धास्ती वाटली आणि नकार दाबला." सुप्रिया निलेशकडे वळली. "इथे खालापूर तालुक्यात 'नाय' ऐकतच वाढलेल्या माणसाला ही तीन अक्षरं वाचता आली नाहीत, माझा संशय तिथेच जागा झाला. जितेशचा फोन बघितला आणि खात्री पटली."

"मी नाय बसलो तिथं," निलेश म्हणाला, आणि स्वतःचाच शब्द ऐकून त्याने स्क्रीनकडे बघितलं.

"तोंडातनं काढलंस, बोटांत ऱ्हायलं रं," आनंदीबाई म्हणाल्या. "चूक झाली, तर झाली. पन ती दुसऱ्याच्या लेकीच्या गळ्यात घालत होतास?"

रोहिणी रडली, मग खुर्चीत बसून तिने स्क्रिप्टची एक ओळ बदलली. 'पोकळ' या नावाचं एक रिकामं खातं केलं, ते पुसायला दिलं आणि खुर्ची निलेशकडे सरकवली.

"माझ्यानंतर तुम्हीच बघणार ना, सर? करून बघा."

पुसू का?

निलेश खुर्चीत बसला. मग त्याने तीच तीन अक्षरं दाबली. या वेळी स्क्रिप्ट थांबली.