खाडीचं म्हणणं अजून संपलेलं नाही

वेळसरची खाडी जिवंत आहे, हे कळायला जुईली तांडेलला कुठल्याच यंत्राची गरज नव्हती. तिच्या हातातल्या बादलीत चार निवटे (चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे) धिंगाणा घालत होते. एकाने तर थेट मोकाशीसाहेबांच्या पांढऱ्याशुभ्र बुटावर उडी घेतली.

तरीही धक्क्यावर उभ्या असलेल्या पारखीने शांतपणे निकाल वाचला, "वेळसर खाडी. निर्जीव."

पारखी हा किनारा मंडळाचा यंत्रमानव. उंचीने जुईलीएवढाच, आवाजाने एखाद्या पोक्त मास्तरांसारखा. पाण्याखालचे आवाज तपासायचे आणि खाडीत जीव आहेत की नाहीत ते ठरवायचं, एवढंच त्याचं काम. एका खाडीच्या तीन तपासण्या व्हायच्या. तिन्हींत 'निर्जीव' आलं, की खाडीच्या तोंडावर भिंत घालायची, आत भराव टाकायचा आणि त्यावर अवकाशयानांचा तळ उभारायचा, असं ठरलेलं होतं. ही तिसरी तपासणी होती. मंडळाचे अधिकारी मोकाशीसाहेब सूर्यास्ताला सही करणार होते.

"निर्जीव? मग हे काय आहे? रबराची खेळणी?" जुईलीने बादली पुढे केली.

"बाळ, नियमात बादली नाही," मोकाशीसाहेब बूट झटकत म्हणाले. "नियमात आवाज आहे. आणि यंत्र खोटं बोलत नाही."

"खोटं बोलत नसेल. बहिरं असेल!"

"माझी श्रवणशक्ती उत्तम आहे," पारखी म्हणाला.

"हो का? मग दाखव काय ऐकलंस ते."

मागेल त्याला पुरावा दाखवायचा, असा मंडळाचाच नियम होता. पारखीच्या छातीवरच्या पडद्यावर तीन दिवसांचे आकडे झळकले. सगळ्यांत खाली लिहिलं होतं, वाचलेले बाइट (माहितीचे दाणे, एक इंग्रजी अक्षर किंवा एक अंक लिहायला साधारण एक दाणा लागतो): ६५५३६. पहिल्या दिवशी ६५५३६. दुसऱ्या दिवशी ६५५३६. आजही ६५५३६.

जुईलीने पुन्हा पाहिलं. परवा वारा सुटला म्हणून तिने पाणश्रवणी (पाण्याखालचे आवाज टिपणारं यंत्र) लवकर काढून आणली होती. आज तर ती अजून पाण्यातच होती. मग रोज ऐकलेलं अगदी तेवढंच कसं भरेल?

"साहेब, सही करू नका. यात काहीतरी गडबड आहे."

"सूर्यास्तापर्यंत वेळ आहे," मोकाशीसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "त्यानंतर मात्र हट्ट चालणार नाही."

जुईली धावत सुटली ती धक्क्यामागच्या जुन्या बर्फखान्यात. तिथे तिच्या आईची मावशी, डॉक्टर वत्सला, समुद्राच्या आवाजांवर संशोधन करायची. पाणश्रवणी तिनेच बनवलेली, आणि ती खाडीतल्या खांबाला बांधायचं काम जुईलीचं. जुईलीने एका दमात सगळं सांगितलं.

"मावशीआजी, तू चल आणि त्या डबड्याला सुनाव!"

"सुनावेन. पण आधी मला सांग, तू पाणश्रवणी बांधतेस कधी?"

"ओहोटीला. तेव्हाच चिखलातून खांबापर्यंत चालत जाता येतं ना."

"आणि ओहोटीला खाडीत बोलत कोण असतं?"

"कोणी नाही. टरटरणारे ढोमे मासे भरतीबरोबर आत येतात. कोळंबीची चटचटही तेव्हाच सुरू होते." जुईली थबकली.

मावशीआजीने खडू तिच्या हातात दिला. "पाणश्रवणी दर सेकंदाला आकड्यांची एक ओळ पाठवते. एका ओळीला वीस बाइट. मग ६५५३६ बाइटांत किती वेळ मावेल?"

जुईलीने भिंतीवरच भागाकार केला. "तीन हजार दोनशे आणि वर काही सेकंद... म्हणजे एक तासही नाही! त्याने फक्त ओहोटी ऐकली! नुसता चिखल!"

"बरोबर. आता तो तिथेच का थांबला, ते शोधू." मावशीआजी स्टुलावर बसली. "पाणश्रवणीचा एक प्रोग्राम आणि पारखीचा दुसरा. दोघांच्या मध्ये आहे पाइप (एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे माहिती नेणारी न दिसणारी नळी). होडी धक्क्याला लागते तेव्हा मध्ये फळी टाकतात की नाही? तसं समज. होडीतला माणूस फळीवर म्हावऱ्याच्या पाट्या (मासळीच्या टोपल्या) ठेवतो, किनाऱ्यावरची बाई उचलते. फळीवर जागा किती?"

"चार-पाच पाट्यांची."

"फळी भरली तर?"

"होडीतला थांबतो. बाईने उचलल्या की पुढच्या ठेवतो."

"पाइपचंही तसंच. त्यात मावतं ठरावीकच, ६५५३६ बाइट. आता समज, बाईने फळीवरच्या पाट्या एकदाच उचलल्या आणि सरळ घरी जाऊन सांगितलं, आज एवढंच म्हावरं मिळालं."

"माझे बाबा होडी सोडून तिला शोधत घरी जातील!" जुईली हसली, आणि लगेच तिचे डोळे मोठे झाले. "पारखी एकदाच उचलतो!"

दोघी धक्क्यावर परतल्या, तेव्हा सूर्य पाण्यापासून दोन हातांवर होता. पारखीची स्क्रिप्ट (यंत्राने काय काय करायचं ते ओळीओळीने सांगणाऱ्या सूचना) कुणालाही पाहता येत असे. बदल सुचवताही येई. फक्त पारखीने स्वतः तपासून तो मान्य करायला हवा. मावशीआजीच्या छोट्या संगणकावर जुईलीला ती ओळ सापडली. 'पाइपमधून वाच. निकाल दे.'

"एकदाच!" ती ओरडली. "माणूस बोलायला लागला की पहिल्या वाक्याला उठून जातोस का रे तू?"

"मला तशी सूचना आहे," पारखी म्हणाला.

तिने घाईघाईने लिहिलं, 'पाइपमधून वाच, एका वेळी एक कोटी बाइट.' पारखीने ते मान्य केलं आणि नोंद पुन्हा पहिल्यापासून वाचली. पडद्यावर आलं, ६५५३६.

मोकाशीसाहेब हसले. "काय, झालं समाधान?"

जुईलीचे कान तापले. एवढं मोठं मागूनही तेवढंच का? तिने फळी आठवली. मोठी टोपली नेली म्हणून फळी लांब होत नाही. फळीवर जे असेल तेच मिळणार. तिने ती ओळ खोडली आणि नवी लिहिली, 'वाच, साठव, पुन्हा वाच. काही मिळालं नाही की थांब.'

या वेळी आकडे भराभर चढले. सत्तर हजार, ऐंशी हजार. आणि मग थांबले. "निर्जीव," पारखी म्हणाला.

"अगं, ते का थांबलं?" जुईली रडकुंडीला आली.

"पाणश्रवणी आपल्या साठ्यातली पुढची ओळ उलगडत होती. क्षणभर फळी रिकामी राहिली," मावशीआजी म्हणाली. "फळी रिकामी म्हणजे होडी रिकामी का?"

"नाही! होडी रिकामी झाली की तांडेल (होडीचा प्रमुख) शेवटची पाटी पालथी घालून दाखवतो. मगच बाया घरी जातात."

"पाइपलाही तशी खूण असते. पाठवणाऱ्याने आपलं टोक बंद केलं, की वाचणाऱ्याला कळतं, समाप्ती (आता कधीच काही येणार नाही) झाली. 'आत्ता काही नाही' आणि 'आता काहीच नाही', यांत जमीनअस्मानाचा फरक आहे."

जुईलीने तिसऱ्यांदा लिहिलं. 'पाइपमधून वाच. आलेलं मागच्यात जोड. काही आलं नसेल तर वाट पाहा. समाप्तीची खूण आली, तरच थांब. मग सगळ्यावर मिळून निकाल दे.'

पारखी ती ओळ तपासत राहिला. "ही सूचना पहिल्यापेक्षा योग्य आहे," तो म्हणाला. "मान्य."

तो वाचू लागला. घोट घेतला, साठवला, पुन्हा घोट घेतला. मध्येच आकडे थांबत. जुईली श्वास रोखे. पारखी मात्र जागचा हलत नव्हता. थोड्या वेळाने आकडे पुन्हा चालू लागत. सूर्याची कड पाण्याला टेकली. सकाळपासूनचा साठा संपला, तरी आकडे एकेका ओळीने वाढतच राहिले, कारण पाणश्रवणी अजून खाडीतच होती आणि ऐकत होती.

"वेळ झाली," मोकाशीसाहेबांनी पेन उघडलं. "पारखी, निकाल."

"देता येत नाही. खाडीचं म्हणणं अजून संपलेलं नाही."

"म्हणजे काय? मी आदेश देतोय!"

"आपला आदेश कळला, साहेब. शेवट कळलेला नाही. अर्ध्यावर मी आता निकाल देणार नाही."

पारखीने आजवर कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं.

मावशीआजी जुईलीच्या कानाशी वाकली. "आपण पाणश्रवणी बंदच केली नाही, तर तो असाच वाट पाहत राहील. वर्षभरसुद्धा. निकाल नाही, मग भिंतही नाही."

क्षणभर जुईलीला ते फार आवडलं. मग तिने मान हलवली. "नको. ते त्याला कोंडून ठेवल्यासारखं होईल. आपली खाडी काय लपून राहणार आहे? मला निकाल हवा. तोही त्याच्याच तोंडून!"

तिने हातातल्या छोट्या संगणकावर पाणश्रवणीचं टोक बंद करायची आज्ञा दिली.

पारखीचा पडदा स्थिर झाला. "समाप्तीची खूण मिळाली. सगळं वाचून झालं." मग त्याने साठवलेल्या आकड्यांचे पुन्हा आवाज करून धक्क्यावर ऐकवले. आधी चिखलाची सुन्न शांतता. मग पाण्याची पहिली खळखळ. मग तेलात मोहरी तडतडावी तशी कोळंबीची चटचट, आणि तिच्यावर शेकडो ढोम्यांची टरटर. मासे उतरवणारे लोक हातातलं काम सोडून ऐकायला गोळा झाले.

"वेळसर खाडी," पारखी म्हणाला. "सजीव. गजबजलेली."

धक्क्यावर एकच आरडाओरडा झाला. मोकाशीसाहेबांनी पेन बंद केलं. ते काही बोलणार, तोच पारखीने विचारलं, "साहेब, याआधी मी निर्जीव ठरवलेल्या खाड्या?"

मोकाशीसाहेबांचा चेहरा उतरला. "पलीकडच्या खाडीत उद्यापासून दगड टाकणार आहेत."

"मग उभे काय राहिलात?" जुईली कडाडली. "फोन लावा! आणि नोंदी मागवा, पहिल्यापासून शेवटपर्यंत!"

त्यांनी खरंच फोन लावला. बोलणं बराच वेळ चाललं, दोनदा त्यांचा आवाज चढला, आणि शेवटी ते म्हणाले, "दगड थांबवलेत. फेरतपासणी होईपर्यंत."

फेरतपासणीला लगेच निघायचं म्हणून जुईलीच्या बाबांनी होडी सोडली. पारखी चढला तशी ती एका अंगाला कलली, आणि मावशीआजीला दुसऱ्या टोकाला जाऊन बसावं लागलं.

"पारखी," जुईलीने विचारलं, "तिकडची नोंद केवढी मोठी आहे?"

"माहीत नाही," पारखी म्हणाला. "आधी माहीत असायची गरजही नाही. संपेपर्यंत वाचायची."

इंजिन सुरू झालं, आणि होडीने पलीकडच्या खाडीच्या दिशेने तोंड वळवलं.