टाकाऊ बाटलीतला थेंब

"थेंबभर काहीतरी द्या ना, भिंग तपासायचंय." सूक्ष्मदर्शक दुरुस्त करायला आलेला तो माणूस बाह्या सरसावून उभा होता.

प्रयोगशाळेत कर्करोगावर संशोधन करणाऱ्या तिला आपल्या पेशी म्हणजे जीव की प्राण! कर्करोगाच्या असल्या म्हणून काय झालं? पोटच्या पोरांसारख्या वाढवल्या होत्या तिने. त्या या उपऱ्याला कशाला द्यायच्या? तिने नुकतंच पेशींवरून काढून टाकाऊ बाटलीत ओतलेलं पाणी थेंबभर काचेवर ठेवून दिलं. तशीही ती वैतागलेलीच होती. या पेशींना आतून सारखा 'जग, वाढ' असा निरोप पोचत असतो. तिच्या औषधाने तो अडवला की पेशी मरायला हवी. पण मोजायला बसावं, तर सगळ्या ठणठणीत! शनिवारपर्यंत आकडा आला नाही, तर मार्गदर्शक बाई विषयच बंद करणार होत्या. म्हणजे तीन वर्षं पाण्यात.

"मला यातलं काही कळत नाही," भिंगावरून डोळा न काढता तो म्हणाला, "पण इथे नुसते फुटके फुगे दिसतायत... काय असतं हे?"

"सरका बघू!"

ती वाकली. तिचे केस त्याच्या खांद्याला लागले... तिचं लक्षच नव्हतं. त्याचं होतं.

मेलेल्या पेशी! मेल्या की त्या तळ सोडून वर तरंगतात, आणि ही बया दर वेळी वरचं पाणी ओतून तळाला चिकटलेल्याच मोजत होती.

"अगं बाई... मी मेलेल्या फेकून देत होते!"

"म्हणजे वाईट झालं?"

"अहो, सोन्यासारखं झालं! पण शनिवारच्या आत सगळं पुन्हा करायला हवं."

या वेळी तिने वरचं पाणीही जपून ठेवलं. औषधाविना शंभरात सहा मेल्या होत्या, औषधाने सदुसष्ट. शनिवारी बाईंनी आकडे दोनदा तपासले आणि म्हणाल्या, "चालू ठेव."

ती हसत बाहेर आली, तर दारात तो! हातात अवजारांची पेटीही नव्हती.

"यंत्र ठीक आहे की," ती म्हणाली.

"माहितीये."

"पुढची तपासणी सहा महिन्यांनी ना?"

"हो, पण... आज शनिवार." त्याचे कान लाल झाले. "दोन रात्री झोप नाही हो मला."

"माझ्या पेशींच्या काळजीने?"

"पेशींच्या कशाला... तुमच्या."



"सदुसष्ट आल्या," ती म्हणाली. "अजून आईलाही कळवलं नाहीये, आधी तुम्हाला सांगितलं. का, ते विचारा ना."

"का?"

"आवडता तुम्ही मला, म्हणून!"