राखाडी झग्याची बाई

कवळी बनवताना मी एक दात मुद्दाम किंचित वाकडा बसवते. सगळे दात सरळ रेषेत असले की माणूस नाही, कवळीच हसतेय असं वाटतं. माझं काम असं असल्यामुळे जे डोळ्यांना दिसतं आणि बोटांना लागतं, तेवढ्यावरच माझा विश्वास.

भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, लिफ्टची दुरुस्ती करतात आणि दोन कामांच्या मधे मोबाइलवर एक खेळ खेळतात. त्यांनी मलाही त्यात ओढलं. या खेळात चित्रं नाहीत, नुसता मजकूर. नावंसुद्धा नाहीत. आपल्या पात्राचं वर्णन आपण लिहायचं. बाकीच्यांना तेवढंच दिसतं आणि त्यावरूनच त्यांनी आपल्याला ओळखायचं. मी लिहिलं, 'राखाडी झग्याची उंच बाई. समोरचा एक दात वाकडा.' भाऊजी तिथे 'धिप्पाड, दाढीवाला लोहार' होते. प्रत्यक्षात पंखा मोठा केला तर उडून जातील अशी त्यांची अंगकाठी.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही खेळातल्या विहिरीपाशी भेटायचो. एकदा तिथूनच त्यांचा फोन आला.

"वहिनी, वर्णनात ती गाठ कशाला घातलीस? कवळीची युक्ती इथेही का?"

"कसली गाठ?"

"'उजव्या कानामागे वाटाण्याएवढी गाठ.' समोर दिसतंय ना मला."

माझ्या मोबाइलवर माझी दोनच वाक्यं होती. भाऊजींना खोड्या काढायची सवय. "मला शेंडी लावू नका," म्हणून मी फोन ठेवला. पण साच्याच्या प्लास्टरने पांढरं झालेलं माझं बोट आपोआप कानामागे गेलं. तिथे काहीतरी होतं. कडक, जागचं न हलणारं, दाबलं तरी न दुखणारं.

"दुखत नव्हतं, मग तुमच्या लक्षात कसं आलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दिरांनी सांगितलं."

"त्यांचे आभार माना. आणखी थांबला असतात तर हाताबाहेर गेलं असतं."

ऑपरेशन झालं, गाठ गेली. भाऊजी चहाचा थर्मास घेऊन उशाशी बसले होते. "तुझी शपथ वहिनी, मी फक्त वाचलं. लिहिलं नाही," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांचा चेहरा पाहून माझा विश्वास बसला.

ती ओळ कुणी लिहिली ते कळलं नाही. पण मी जिवंत होते, चहाची चव लागत होती, नवऱ्याशी टीव्हीच्या आवाजावरून भांडत होते. उपकार कुणाचे हे माहीत नसलं तरी ते मनातून जात नाहीत. रोज सकाळी डोळे उघडले की मी आधी हात जोडायचे.

कामावर परतल्यावर जेवणाच्या सुट्टीत मी खेळ उघडला. विहिरीजवळच्या बाकावर कुणीतरी बसलं होतं.

'राखाडी झग्याची उंच बाई. समोरचा एक दात वाकडा. उजव्या कानामागे लिंबाएवढी गाठ.'

मी तर विहिरीपाशी उभी होते.

अंगावर काटा आला, खरंच आला. पण त्याहून मोठे तिचे उपकार होते. मी लिहिलं, 'तुमच्यामुळे वाचले. तुमच्यासाठी मी काय करू?'

मग एक ओळ आली. 'ती जराशी सरकते आणि बाकावर तुमच्यासाठी जागा करते.'

जिने जीव वाचवला तिला नाही कसं म्हणायचं? मी बसले. सुट्टी संपेपर्यंत दोघी बसून राहिलो. खूप दिवसांनी मावशीकडे गेल्यासारखं शांत वाटलं.

दुसऱ्या दिवशी कामाचा डोंगर होता. खेळ उघडायला सवडच झाली नाही, माझं पात्र कालच्या बाकावरच राहिलं. दुपारी भाऊजींचा फोन आला.

"वहिनी, बाकावर कुणाबरोबर बसलीयस? तिने तुझं वर्णन शब्दन् शब्द उचललंय."

"आणि गाठ?"

"गाठ कुणालाच नाही."

तिचीही गेली! माझे डोळे पाणावले.

"फरक एवढाच, एकीच्या कानामागे टाक्यांचा व्रण आहे, दुसरीच्या काहीच नाही. यातली तू कोणती?"

"व्रणवाली," मी हसत म्हणाले आणि सवयीने बोट कानामागे नेलं.

कातडी गुळगुळीत लागली.