पुलाखालचं बाकडं

हे खरंच घडलेलं आहे.

पटवून द्यायच्या भानगडीत मी पडत नाही. वेदश्री माझी मावसबहीण. ती खोटं बोलते ते फक्त स्वतःच्या वजनाबद्दल, आणि उशीर झाला की ऑफिसातल्या साहेबांशी. या सगळ्या प्रकरणात ती एकाच संध्याकाळी खोटं बोलली. ते पुढे येईलच.

जागा वर्धा स्टेशन. वेळ दोन वर्षांपूर्वीची, दिवाळीनंतरची एक संध्याकाळ.

अशा गोष्टींना म्हणे अमावास्येची मध्यरात्र लागते. इथे तसलं काही नव्हतं. दिवे लागले होते. लोक आलूबोंडे खात होते. कोणाचं तरी पोर खेळण्यासाठी रडत होतं.

आणि तरीही...

पण आधी वेदश्रीच्या बाबांबद्दल सांगायला हवं. आमचे कृष्णकांतकाका. शाळेत हेडक्लार्क होते, रिटायर झाले, वर्धेजवळच पिपरी मेघेला घर बांधलं. वेदश्री नागपूरच्या एका ऑफिसात. रोजचं अप-डाउन. सकाळी जायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरने परत यायचं.

मुलगी तिशीची. स्टेशनबाहेर ऑटोंची रांग. तरी बाबा रोज स्कूटर घेऊन न्यायला हजर. यात माया किती आणि शरयूमावशीच्या टीव्हीवरच्या मालिकांपासून सुटका किती, याचा हिशेब आम्ही भावंडं नेहमी मांडायचो. माया थोडी जास्त निघायची.

फलाटावर, पुलाखाली एक लोखंडी बाकडं आहे. ते त्यांचं. गाडी लेट झाली की स्कूटरची चाबी बाकड्याच्या दांडीवर आपटत बसायचे.

टक... टक... टक...

समोर हिरालालचा चहाचा ठेला. तो ओरडायचा, "बाबूजी, बाकडं तोडता का आता?"

"तू गाडी वेळेवर आणून दे, मी थांबतो."

"मले चहा वेळेवर देनं होत नाई, गाडी कुठून आनू?"

मग वेदश्रीला फोन.

"कुठवर आली?"

"सिंदी गेलं, बाबा. मधेच उभी करून ठेवली. मालगाडी पुढे काढून राहिले."

"बरं. आहे मी."

बस. एवढंच बोलणं. किती का उशीर होईना, चिडणं नाही, कुरकुर नाही. मोबाईलवर गाडी कुठे आली ते बघणाऱ्या पोरांना मात्र चिडवायचे, "तुझ्या फोनला माहीत आहे. पण गाडीला माहीत आहे का रे?"

'रद्द' हा शब्द त्यांना मान्यच नव्हता. म्हणायचे, "गाडी रद्द होत नसते. लेट होत असते. कोणती ना कोणती येतेच."

आता एक गोष्ट बाहेरच्यांसाठी. वर्धेला दोन स्टेशनं. एक वर्धा, एक सेवाग्राम. अंतर थोडंच, पण चुकीच्या स्टेशनवर उभा असलेला माणूस चुकीच्याच स्टेशनवर उभा असतो. म्हणून कोणाला घ्यायला निघताना वर्धेकर आधी विचारतो, 'वर्धा का सेवाग्राम?' तब्येतपाणी नंतर.

बाबांनी ते कधी विचारलं नाही. लेकीची गाडी वर्धेलाच यायची.

त्या वर्षी लाइनचं काम निघालं. ब्लॉक सुरू झाले. आज ही गाडी बंद, उद्या ती दुसऱ्या मार्गाने, परवा अर्ध्यातच थांबणार. अप-डाउनवाल्यांनी सगळं अंगवळणी पाडून घेतलं. शिव्या घालत पाडून घेतलं, पण पाडलं.

ऑगस्टातल्या एका संध्याकाळी पॅसेंजर सेवाग्रामला आली आणि थांबली.

थांबली ती थांबलीच.

कोणीतरी डब्यात ओरडत आलं, "उतरा हो सगळे! पुढं जात नाई आज!"

वेदश्री उतरली. बाबांना फोन लावला.

वाजला... वाजत राहिला.

पुन्हा लावला.

तिसऱ्यांदा उचलला गेला. पण आवाज बाबांचा नव्हता.

"ताई..." हिरालाल होता. "तुमी कुठं हा? या ना लवकर."

ऑटोने ती वर्धा स्टेशनला पोचली तेव्हा पुलाखाली गर्दी होती. बाबा बाकड्यावर टेकून बसले होते. मान थोडी कलती. चाबी मुठीत.

"चाबीचा आवाज बंद झाला," हिरालाल सांगत होता. "मले वाटलं, डोळा लागला असंन. बाजूच्या मानसाले म्हटलं बी, हळू बोल बाप्पा, बाबूजी झोपले."

गाडी सेवाग्रामपर्यंतच आहे, ही अनाउन्समेंट झाली होती. दोनदा झाली होती.

पण त्याच्या आधीच ते गेले होते. डॉक्टर तसंच म्हणाले.

म्हणजे गाडी येणार नाही, हे बाबांना कोणीच सांगितलं नाही.

दिवसकार्य झालं. वेदश्री पुन्हा कामावर जायला लागली. संध्याकाळची पॅसेंजर 'पुढील सूचनेपर्यंत' बंद झाली होती. ती चंद्रपूरकडच्या एक्सप्रेसने यायची, सेवाग्रामला उतरायची, ऑटो करून घरी. वर्धा स्टेशनचं तोंड तिने पाहिलं नाही.

शरयूमावशीच एक दिवस म्हणाली, "नागपूरला खोली बघ. आपण दोघीही जाऊ. न्यायला यायला आता कोण आहे?"

खोली मिळाली. पिपरीचं घर भाड्याने द्यायचं ठरलं. सामान बांधायला काढलं.

आणि निघायच्या आदल्या दिवशी दारात हिरालाल उभा.

चहावाला चहा न घेता बसला. हातातली टोपी फिरवत राहिला.

"ताई, एकडाव स्टेशनवर येऊन जाजा."

"कशाला?"

"बाबूजी तिथंच हायेत."

मावशी पोळ्यांचा डबा बांधत होती. तिचा हात थांबला.

"पुलाखालच्या त्या बाकड्यावर कोनी बसत नाई आता," हिरालाल म्हणाला. "बसलं की उठते. मी इचारतो, काऊन उठले? तर म्हनतात, गार लागते. भर उन्हाचं गार लागते, ताई! अन् संध्याकाळ झाली, तुमच्या गाडीचा टाइम झाला का..."

त्याने बोटाने खुर्चीच्या दांडीवर वाजवलं.

टक... टक... टक...

"तुला भीती नाही वाटत?" वेदश्रीने विचारलं.

"मले भेव नाई वाटत. वाईट वाटते. गाडी बंद झाली, हे त्याईले कोनी सांगतलंच नाई. मी सांगून पाह्यलं. पन माह्यं कधी ऐकत होते का ते? तुमी सांगा. साफ सांगजा. गाडी रद्द झाली, मी आता येत नाई, तुमी जा. आपल्या मानसानं सांगतलं का जाते मानूस."

वेदश्रीने आईकडे पाहिलं. "तू येतेस?"

"नाही."

"आई..."

"मला ते दिसले, तर मी तिथेच बसेन त्यांच्याशेजारी," मावशी म्हणाली. "मग तुलाच दोघांना न्यावं लागेल. तू जा. सांग त्यांना. नीट सांग. ओरडू नकोस."

तर ती ही संध्याकाळ.

वेदश्री पूल उतरून खाली आली. फलाटावर नेहमीची गर्दी. लोक बॅगांवर बसले होते, जमिनीवर पेपर पसरून बसले होते, एक बाई तर कठड्याला टेकून उभ्या उभ्याच पेंगत होती.

बाकडं रिकामं होतं.

पूर्ण रिकामं.

गर्दी त्याच्याजवळ आली की आपोआप दोन्ही बाजूंनी फुटत होती. कोणी पाहत नव्हतं, कोणाला कळतही नव्हतं. पण बाकड्याच्या डाव्या टोकासमोरून कोणी जात नव्हतं. तिथे पाय लांब करून कोणी बसलेलं असावं, तसं वळसा घालून जात होते.

बाबा पाय लांब करूनच बसायचे.

हिरालालने ठेल्यामागून मान हलवली. ती बसली. उजव्या टोकाला.

लोखंड थंड होतं. तेवढं तर कुठलंही असतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

मग...

टक.



टक... टक...

डावीकडून. हातभर अंतरावरून. तिथे काहीच नव्हतं. दांडी होती, आणि दांडीवरचा रंग एका ठिकाणी उडालेला होता.

"बाबा," ती म्हणाली.

आवाज थांबला.

तिने घरून सगळं पाठ करून आणलं होतं. ऑटोत दोनदा म्हणून पाहिलं होतं. बाबा, गाडी रद्द झाली. मी आता येणार नाही. तुम्ही जा. तीन वाक्यं. ऑफिसात फोनवर ती लोकांना याहून वाईट बातम्या रोज देते.

"बाबा, ती गाडी..."

वर कर्ण्यातून कुठल्यातरी दुसऱ्याच एक्सप्रेसची अनाउन्समेंट सुरू झाली. विलंबाबद्दल खेद व्यक्त झाला. कर्णा खरखरून गप्प झाला.

आणि त्या शांततेत... अगदी कानाशी... नेहमीच्याच आवाजात...

"किती लेट आहे गं?"

त्या आवाजात राग नव्हता. दुखणं नव्हतं. वाट बघण्याचा कंटाळासुद्धा नव्हता. बाबा चांगले होते. त्यांचं नेहमीचं काम करत होते.

वेदश्री मला म्हणाली, "भूत असतं ना, तर मी सांगितलं असतं रे. ते बाबा होते."

तिच्या तोंडून निघालं ते असं:

"थोडीच लेट आहे, बाबा. येऊनच राहिली."



मग समाधानाने...

"बरं."

आणि पुन्हा चाबी.

टक... टक... टक...

ती उठली. हिरालालने विचारलं, "सांगतलं का?" तिने मान हलवली. होकारार्थी. घरी मावशीने विचारलं.

"सांगितलंस?"

"हो."

"मग? काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

मावशी पदराने डोळे पुसत हसली. "शहाण्यासारखं ऐकलं म्हणायचं एकदाचं." त्या रात्री किती तरी दिवसांनी ती पोटभर जेवली. वेदश्री तिला वाढत राहिली, स्वतः काही जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी नागपूरला गेल्या.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं.

होळीच्या सुमाराला लाइनचं काम झालं. पॅसेंजर पुन्हा सुरू झाली. थेट वर्धेपर्यंत. अप-डाउनवाल्यांनी पहिल्या दिवशी इंजिनाला हार घातला, पेढे वाटले.

त्याच आठवड्यात हिरालालचा फोन आला.

"ताई, तुमी तवा नेमकं काय सांगतलं होतं बाबूजीले?"

आईला ऐकू जाऊ नये म्हणून वेदश्रीने दार लोटून घेतलं.

"गाडी आता रोज येते," तो म्हणाला. "गाडी लागली का चाबीचा आवाज बंद होते. उठून उभे राहत असतीन, अशी मले शंका हाये. पोरीबाळी उतरतात. डबे रिकामे होतात. गाडी यार्डात जाते. फलाटावर कोनी नाई राह्यत..."



"मग?" वेदश्रीने विचारलं.

"मंग पुन्हा सुरू होते. टक, टक. आता रातभर चालू राह्यते, ताई."

"मी येते," वेदश्री म्हणाली. "मी त्याच गाडीने येते. उतरते. म्हणजे ते..."

"येऊ नका," हिरालाल एकदम म्हणाला.

"का?"

तो बोलला. हळू.

"घ्यायले आलेला मानूस हाये तो. तुमी उतरल्या, तर तो तुमाले घेऊन निंघन. पन कुठं निंघन, ताई? पिपरीच्या घरात तर आता भाडेकरी हाये."

तिने फोन ठेवला.

मावशीला यातलं काही ठाऊक नाही. ती सकाळी देवाला दिवा लावते आणि 'ते सुटले' असं शेजारणीला सांगते. वेदश्री ते ऐकते आणि डबा घेऊन ऑफिसला जाते.

जायला हवं, असं तिला रोज वाटतं. आपण उतरलो तर बाबांचं वाट बघणं संपेल. आणि आपण उतरलो तर... पुढचं वाक्य ती पूर्ण करत नाही. मी भुताखेतांची टर उडवणारा माणूस. पण मीही तिला 'जा' म्हणालो नाही.

एकटी ती दोनदा नागपूर स्टेशनवर गेली. वर्धेचं तिकीट काढलं. डब्याच्या दारापाशी, दांडी धरून फलाटावरच उभी राहिली. गाडीला थोडा उशीर झाला असता, मधे एखादी मालगाडी आली असती, तर कदाचित पाय उचलला असता, असं ती म्हणते.

पण काम झाल्यापासून त्या लाइनवर उशीर होत नाही. दोन्ही वेळा गाडी अगदी वेळेवर सुटली.