‘हं’ म्हटल्याशिवाय

ग्रंथालयाला सोमवारी सुट्टी, आणि डिंकताईला नेमका सुट्टीच्याच दिवशी कामाचा हुरूप यायचा, हे तिच्या घरच्यांना एव्हाना पाठ झालं होतं. फाटक्या पुस्तकांची दुरुस्ती करणारी बाई ती. डिंक, सुई, दोरा आणि पुस्तकांवर ठेवायची लोखंडी वजनं एवढाच तिचा पसारा, म्हणून सगळे तिला डिंकताई म्हणत. त्या सोमवारी दुपारी ती ‘जरा जाऊन येते’ म्हणाली, तर नवऱ्याने पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

पण त्या दिवशी ती दुरुस्तीला निघालीच नव्हती. दुरुस्तीच्या खोलीतल्या तिच्या कपाटात शनिवारपासून एक नवंकोरं पुस्तक पडून होतं. त्रेसष्टावा भाग, शेवटचा.

आता हे त्रेसष्ट भागांचं काय प्रकरण, ते आधी सांगायला हवं. जपानी चित्रकथा ती, मांगा म्हणतात तिला. कंदील घेऊन सात राज्यांच्या पायऱ्या उतरत जाणारी एक मुलगी, आणि अगदी तळाशी एक दार. त्या दाराआड काय, हे सांगायला चित्रकाराने अठ्ठावीस वर्षं घेतली. पहिला भाग घरात आला तेव्हा दादा बारा वर्षांचा होता आणि ही नऊ. पुस्तक एक आणि वाचणारी दोघं, म्हणजे भांडण आलंच. शेवटी आईने तह करून दिला. मांगा उजवीकडून डावीकडे वाचायची असते, म्हणून दादाने उजवीकडे बसायचं, हिने डावीकडे. पान उलटायचं हिने, पण दादाने ‘हं’ म्हटल्याशिवाय नाही. दादा चित्रात रेंगाळायचा, कंदिलाच्या काचेवरचा तडासुद्धा निरखून बघायचा. ही जात्याच उतावळी. ‘हं म्हण ना रे, हं म्हण ना,’ करत त्याचं डोकं खायची.

दोघं मोठी झाली, दोघांची लग्नं झाली, दादाने चष्म्यांचं दुकान टाकलं, तरी नवा भाग आला की एका बाकावर बसून तसंच वाचायचं. बायको हसायची त्याची. मग सत्तावन्नाव्या भागाच्या वेळी दादाचा आवाज घोगरा झाला. घसा बसलाय, घसा बसलाय, म्हणत सगळ्यांनी महिना घालवला. नंतर ऑपरेशन झालं आणि आवाज गेलाच. तेव्हापासून तो ‘हं’ऐवजी पानावर नखाने वाजवायचा. टक्.

एकोणसाठावा भाग त्यांनी वॉर्डात वाचला. भेटीची वेळ चार ते पाच. त्या दिवशी दादाने पाटीवर लिहून दाखवलं होतं, ‘शेवट माझ्याशिवाय वाचू नकोस.’ ती म्हणाली, ‘वेडा आहेस का, कशी वाचेन?’ पाचची घंटा झाली तेव्हा एकच पान उरलं होतं. दादा बघत बसला होता. हिची बस जाणार होती. टक् होण्याआधीच हिने पान उलटलं. दादाने तिच्याकडे नुसतं पाहिलं. सकाळी फोन आला, दादा गेला.

ती नजर चार वर्षं तिच्या मनात सलत होती. साठ, एकसष्ट, बासष्ट हे भाग तिने काउंटरवर उभ्याउभ्याच चाळले. पण शेवटचा असा वाचायचा नाही, हे तिने ठरवलं होतं. बाकावर डावीकडे बसायचं, उजवीकडची जागा मोकळी ठेवायची, प्रत्येक पानाला थांबायचं. निदान या खेपेला तरी दादाला घाई करायची नाही. तेवढं झालं की आपण सुटलो, असं तिला वाटत होतं.

दुरुस्तीची खोली ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला, एका खिडकीची, आत एक लांब बाक. बाहेर धुकं उतरायला लागलं होतं. पहारेकरी फाटकापाशी रेडिओ ऐकत होता, तो आवाजही इथवर येत नव्हता. तिने पुस्तक उघडलं. पहिलं पान वाचून झालं, दहा आकडे मोजले, उलटलं. दुसरं, तिसरं. चौथ्या पानाला तिला स्वतःचंच हसू आलं. ‘हं म्हण ना रे,’ ती पुटपुटली.

“हं.”

तिचा हात जागच्या जागी राहिला. आवाज उजवीकडून आला होता. बारीक, न फुटलेला, बारा वर्षांच्या मुलाचा. आणि त्याबरोबर संत्र्याच्या सालीचा वास, लहानपणी दादाच्या बोटांना असायचा तसा. मान वळवून बघायची तिची छाती झाली नाही. पळून जावं असं वाटलं, पण पुस्तक अर्धवट टाकून पळायचं म्हणजे पुन्हा तेच, पुन्हा दादाला मधेच सोडायचं. तिने पान उलटलं.

“हं.”

प्रत्येक पानाला तो आवाज यायला लागला. तिसाव्या पानाशी तो फुटला, कॉलेजातल्या दादासारखा चिरका झाला. साठाव्या पानाशी भरदार. बाक उजवीकडे खचल्यासारखा वाटत होता. आता भीती ओसरावी, आपलाच तर दादा आहे, असं ती मनाला समजावत होती, पण ती बाकाच्या डाव्या टोकाकडे सरकत चालली होती. कारण शंभराव्या पानाशी तिच्या लक्षात आलं की आवाज मोठा होत चाललाय. वय वाढतंय त्याचं. पानांबरोबर.

“दादा… जरा थांबूया का?”

“हं.”

ती थांबली. बाजूला कोणीतरी श्वास घेत वाट बघत होतं, आणि ते तर वाचण्यापेक्षाही वाईट होतं. तिने पान उलटलं. पुढचा ‘हं’ घोगरा होता. संत्र्याचा वास गेला, स्पिरिटचा आला. आणखी वीस पानं. मग आवाज गेलाच.

टक्.

कंदीलवाली मुलगी दारापाशी पोचली. टक्. तिने कडीला हात घातला. टक्. आता एकच पान उरलं. दार किलकिलं झालं होतं, आत नुसता काळोख रंगवला होता, आणि आत काय होतं ते पलीकडच्या पानावर.

ती थांबली. खोलीत अंधार दाटला, अक्षरं दिसेनाशी झाली. टक् काही होईना.

“उलटू का रे?” तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

उत्तर नाही. श्वासही नाही. पाच वाजले असावेत.

खिडकीवर टॉर्च पडला. “ताई, कुलूप लावायचंय,” पहारेकरी बाहेरून म्हणाला, “निघताय ना?”

“आले, आले.”

तिने पान उलटलं नाही. या खेपेला नाही उलटलं. उघडं पुस्तक तसंच उचलून कपाटात ठेवलं, दोन्ही पानांवर लोखंडी वजनं ठेवली, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. घरी येऊन ढसाढसा रडली. थांबले मी दादा, थांबले, एवढंच म्हणत होती. बऱ्याच दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

नोंदवहीत तिने त्रेसष्टाव्या भागापुढे ‘दुरुस्तीला’ असं लिहून टाकलं. वाचक विचारून विचारून दमले. तीन आठवडे असेच गेले. तेव्हा ग्रंथपाल बाई, कडक पण मायाळू, चहाचे दोन कप घेऊन दुरुस्तीच्या खोलीत आल्या आणि तिच्यासमोर बसल्या.

“अगं, नवंकोरं पुस्तक आणि दुरुस्तीला? लोक माझा जीव खातायत.”

“देते हो, दोन दिवसांत देते.”

बाईंनी कप खाली ठेवला आणि तिच्याकडे निरखून पाहिलं.

“काय गं, महिना होत आला, तुझा घसा अजून बसलेलाच आहे की. दाखवलंस का कुणाला?”

डिंकताई सुईत दोरा ओवत होती. ते काम संपवून मगच तिने मान हलवली.

“हं,” ती म्हणाली.

कुलूपबंद कपाटात, वजनांखालचं पान उलटल्याचा आवाज झाला.